देग मोठी, ताट लहान

तरावीहची नमाज संपते तेव्हा घनसावंगीची बाजारपेठ जवळजवळ निजलेली असते. एखादी चहाची टपरी, ऑम्लेटचा एखादा गाडा आणि रमजानपुरता लावलेला फळांचा ठेला, एवढाच काय तो उजेड. टोप्या खिशात घालून पोरे टपरीपाशी रेंगाळतात आणि मोबाइल बाहेर निघतो. पडद्यावर मुंबईचा मोहम्मद अली रोड असतो. मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत हलवाई पसरट कढईतून झाऱ्याने मालपुआ उचलतो. एका हातात मावणार नाही, ताट भरून जाईल एवढा. त्यावर रबडी ओतली जाते. बोटाने पडदा सरकवला की दुसऱ्या दुकानाचा मालपुआ येतो, त्याहून थोराड. मग हैदराबादच्या हलीमची परातभर प्लेट. आणि कधी कधी, कुणास ठाऊक कसा, थेट अमेरिकेतला पिझ्झाचा एक तुकडा. रात्री दोन वाजता रस्त्यावर उभ्या असलेल्या तरुणाच्या हातात, दोन कागदी प्लेटा एकाला एक लावूनही बाहेर लोंबणारा.

"ये तो दादी के भाकर से बी बडा है रे," एक जण म्हणतो. मग वाद सुरू होतो. मुंबईचा मोठा की हैदराबादचा? कुणाची प्लेट किती जणांना पुरते? कोण एकट्याने संपवू शकेल? रोजा सोडून तीन तास झालेले असतात, पोट भरलेले असते, तरी हा वाद अर्धा तास सहज चालतो. शेवटी कुणीतरी गाडीची गोष्ट काढतो. जालना तासाभरावर. तिथून छत्रपती संभाजीनगर आणखी तासभर. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर मुंबईचीही भाषा होते. मालपुआ खायला चारशे किलोमीटर!

पोरांची थट्टा करणे सोपे आहे. पण त्यांनी काढलेला प्रश्न अगदीच पोरकट नाही. रात्रीचे खाणे एवढे मोठे का होते, ते कुणासाठी मोठे होते आणि मोठे झाल्याने ते चांगले होते का, याचा विचार रमजानच्या महिन्यात करायचा नाही तर कधी करायचा? दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता राहणारा माणूस रात्री ताटाच्या आकारावर भाळतो, यात काहीतरी तपासण्यासारखे आहे.

आधी त्या पिझ्झाचे पाहू, कारण तो सगळ्यांत लांबचा आहे आणि लांबच्या गोष्टीचा हिशेब शांतपणे करता येतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथे अ‍ॅडम्स मॉर्गन नावाची वस्ती आहे, रात्रीच्या बार आणि गाण्याबजावण्यासाठी ओळखली जाणारी. तिथल्या अठराव्या रस्त्यावर बार बंद होण्याच्या सुमाराला हा 'जंबो स्लाइस' विकला जातो. तो आधी कुणी सुरू केला यावर तिथल्या दुकानदारांमध्ये वर्षानुवर्षे चढाओढ आहे. आपल्याकडे 'हीच मूळ शाखा' अशी पाटी शेजारी-शेजारी दोन दुकानांवर दिसते, तसलाच प्रकार. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाजवळ कोरोनेट नावाचे दुकान अशाच तुकड्यासाठी विद्यार्थ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. तिथला आख्खा पिझ्झा बत्तीस इंच व्यासाचा सांगितला जातो.

आता शाळेतले गणित. बत्तीस इंच व्यास म्हणजे सोळा इंच त्रिज्या. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले तर साधारण ८०४ चौरस इंच येते. त्याचे आठ तुकडे केले की एक तुकडा शंभर चौरस इंचांचा. आणि घरी मागवला जाणारा बारा इंची आख्खा पिझ्झा भरतो ११३ चौरस इंच. म्हणजे तो एक तुकडा जवळजवळ एका पूर्ण पिझ्झाएवढा असतो. ग्राहकाला वाटते, आपण एक तुकडा घेतला. डोळा व्यास पाहतो, पोटाला मात्र व्यासाचा वर्ग पचवावा लागतो. भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईला हे गणित न शिकता माहीत असते. आठ इंचांची भाकरी दहा इंचांची करायची म्हटली, तर पीठ दीडपटीहून जास्त लागते.

मालपुआचे गणितही तेच आहे. मैदा, मावा, अंडी, दूध यांचे सरबरीत मिश्रण तुपात किंवा तेलात सोडायचे, कडा तांबूस होईपर्यंत तळायचे. मालपुआ ज्याला खरोखर आवडतो तो आधी कडेला हात घालतो. जाळीदार, कुरकुरीत, किंचित कडवट होऊ पाहणारी कड आणि आत मऊ पोट, या दोन्हींच्या मेळात त्याची चव आहे. व्यास दुप्पट केला की कड दुप्पट होते, मधला मऊ भाग मात्र चौपट. म्हणजे मालपुआ जितका मोठा तितका त्याचा सगळ्यांत चांगला भाग वाट्याला कमी. शिवाय एवढ्या मोठ्या घेराला सारखी आच देणे कठीण. गर्दी वाढली, हलवायाने घाई केली, की कड जळते आणि पोट कच्चे राहते. त्यावर रबडी ओतली की कच्चेपण झाकले जाते आणि चित्रफीतही छान येते.

मुंबईच्या त्या गल्लीची बदनामी करण्याचा इथे हेतू नाही. मौलाना मोहम्मद अली जौहर यांच्या नावाचा तो रस्ता, डोक्यावरून गेलेला जे. जे. उड्डाणपूल, खाली मगरिबपासून सहरीपर्यंत न ओसरणारी गर्दी, हे दृश्य एकदा तरी पाहण्यासारखे आहे. सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांसारखी १९३६ पासूनची दुकाने तिथे आहेत. मातीच्या पसरट कसोऱ्यात जमवलेली फिरनी आहे, आणि खरे सांगायचे तर त्या गल्लीतला सगळ्यांत समंजस पदार्थ तीच. एका माणसाचा एक कसोरा, चार-सहा चमचे, संपला. मातीने पाणी शोषून घेतलेले असते म्हणून ती घट्ट आणि गार. कुणी फिरनीचा कसोरा टोपलीएवढा केलेला अजून तरी दिसत नाही. म्हणून तिच्या चित्रफितीही फारशा फिरत नाहीत.

गंमत अशी की मोठे केल्याने बिघडतात असे पदार्थ आहेत, तसे मोठे केल्यानेच जमतात असेही आहेत. आणि ते मराठवाड्याच्या अगदी दाराशी आहेत.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, तिथले नान खलिया घ्या. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली. त्याच्या फौजेसाठी एकाच वेळी हजारो माणसांना पुरेल, रांधायला सोपे जाईल असे हे खाणे निघाले, असे सांगितले जाते. लिहिलेला पुरावा काही असो, पदार्थाची घडण मात्र ती कहाणी खरी वाटावी अशीच आहे. भट्टीत भाजलेला जाड नान आणि मोठ्या देगेत शिजलेला मटणाचा रस्सा, वर लाल तर्री. आजही लग्न म्हटले की नान शेकड्यांनी मोजले जातात आणि खलिया देगांनी. शहागंज, सिटी चौक, बुढ्ढी लेन या भागांत रमजानच्या रात्री ज्या खाण्याचा वास दरवळतो, त्यात खलियाचा वाटा मोठा.

चार माणसांपुरता खलिया घरच्या कुकरमध्ये करून पाहा. वाईट होत नाही, पण तो खलिया होत नाही. मोठ्या देगेत अर्धा क्विंटल रस्सा असला की त्याला स्वतःची ऊब असते. भांडे जितके मोठे तितकी आतल्या मालाच्या मानाने बाहेरून जाणारी उष्णता कमी. आच काढून घेतली तरी ते तासन् तास तसेच धगधगत राहते. त्या सावकाश धगीत हाडातला अर्क उतरतो, मसाल्याचा कच्चा वास जातो, तर्री वर येते. हलीमचेही हेच. गहू आणि गोश्त तासन् तास शिजवायचे आणि लाकडी घोटणीने घोटत राहायचे. दोन वाट्यांचे हलीम घोटता येत नाही. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा जालन्यातल्या अनेकांना ते आपल्याच घरातले कौतुक वाटले असेल, कारण हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होता. मुंबईत भेंडी बाजारच्या बाजूला बाराहंडी म्हणून जे मिळते त्यात ओट्यात बसवलेल्या हंड्या रात्रभर मंद आचेवर असतात. नूर मोहम्मदी हॉटेल १९२३ पासून तिथे नल्ली निहारी विकते. निहारी या शब्दातच सकाळ आहे. रात्रभर शिजवायचे, सकाळी वाढायचे.

हे सगळे मोठे आहे, पण त्यांचे मोठेपण भांड्यात आहे. वाढताना डावभर रस्साच मिळतो. देग मोठी असते ती खाणारे पुष्कळ असतात म्हणून. आणि पुष्कळांसाठी रांधल्यानेच ती चव येते. एकट्याला ती विकतही घेता येत नाही. उलट परातीएवढा मालपुआ किंवा हातभर पिझ्झाचा तुकडा एकाच्याच पुढ्यात येतो. रमजानच्या खाण्यात गेल्या काही वर्षांत देगेचे मोठेपण मागे पडून ताटाचे मोठेपण पुढे येऊ लागले आहे, आणि ते काळजी करण्यासारखे आहे.

यावर लगेच कुणी म्हणेल, मालपुआही वाटूनच खातात की. खरे आहे. मोहम्मद अली रोडवर आख्खे कुटुंब एका प्लेटभोवती उभे असलेले रोज दिसते, बुरख्यातली आई, कडेवरचे पोर, आणि सोबत आलेली कॉलेजातली हिंदू मैत्रीणही. मालपुआ मुळात मोडण्यासाठीच मोठा केला जातो, हेही खरे. अ‍ॅडम्स मॉर्गनमध्येही दोन मित्र एक तुकडा फाडून खात असतील. प्रश्न पदार्थाचा कमी आणि तो समोर आल्यावर पहिला हात कशाकडे जातो याचा जास्त आहे. पहिला हात मोबाइलकडे जातो, दुसरा चमच्याकडे. तीन दुकानांचे तीन मालपुए 'तुलनेसाठी' मागवले जातात, प्रत्येकाचे दोन-दोन घास खाल्ले जातात, मत दिले जाते, दहापैकी गुण दिले जातात. उरलेले रबडीत भिजत टेबलावर राहते. दिवसभराच्या रोज्यानंतर अन्नाचे परीक्षक व्हायचे, हे जरा विचित्रच.

कुरआनात खाण्यापिण्याला मनाई नाही, उधळपट्टीला आहे. त्यासाठी 'इसराफ' हा शब्द उर्दू बोलणाऱ्या प्रत्येक घरात ठाऊक असतो. आजीने नळ नीट बंद न करणाऱ्या नातवाला रागावतानाही तो वापरलेला असतो. पैगंबरांच्या हदीसांमध्ये दोघांचे जेवण तिघांना पुरते अशा अर्थाची शिकवण आहे, आणि पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी, एक श्वासासाठी राखावा अशीही. ही वचने मशिदीच्या बयानात दर रमजानला ऐकवली जातात. श्रोते मान डोलावतात, मग बाहेर येऊन मोबाइल काढतात.

रमजानचे स्वतःचे एक मापही आहे, ते फित्र्याचे. ईदच्या नमाजेआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळासकट, गव्हाचे ठरावीक माप किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची. हनफी रीतीप्रमाणे हे माप साधारण पावणेदोन ते दोन किलोच्या आसपास धरतात. खजूर किंवा मनुक्यांच्या हिशेबाने जास्त देणारेही असतात, पण गव्हाचे ते किमान माप बंगल्यातल्या आणि पत्र्याच्या घरातल्या माणसाला सारखेच. रमजानने माणसाला मोजायचे ठरवले तेव्हा असे मोजले.

एका ताटाचा विचार करताना दाऊदी बोहरा समाजाची आठवण होते. त्यांच्या घरी जेवण एका मोठ्या थाळाभोवती होते. आठ माणसे गोल बसतात, मिठाच्या चिमटीने सुरुवात होते. थाळ प्रचंड, पण तो एकाचा नसतो, आणि त्यात काही टाकून उठणे हा सगळ्या आठांचा दोष असतो. समाजाच्या जेवणावळीत एक दाणाही वाया जाऊ नये यासाठी त्यांनी 'दाना कमिटी' नावाची यंत्रणाच उभी केली आहे. थाळाएवढे ताट आणि त्यात एक दाणाही उरत नाही, हे दोन्ही एकत्र साधता येते ते असे.

मराठीत तर वाटणीची मोजमापे शब्दांतच आहेत. भाकरीला 'चतकोर' असतो, त्याहून लहान 'नितकोर' असतो. पिझ्झाच्या 'स्लाइस'ला मराठीत शब्द नाही असे कुणी म्हणाले, तर त्याला चतकोर द्यावा. हा शब्द ज्या घरांत घडला तिथे एक भाकरी एकट्याने खायची हे गृहीत नव्हते. दुष्काळाच्या या पट्ट्यात आजी भाकरी तव्याएवढी थापायची ती तवा एकदाच तापवावा लागावा म्हणून, जळण वाचावे म्हणून. मग तिचे चार भाग व्हायचे. उर्दूत याला 'बांट के खाना' म्हणतात आणि ज्या घरात ते घडते त्या घरात बरकत आहे असे मानतात. बरकत म्हणजे वाढ नव्हे, पुरणे.

दुकानदाराची बाजूही आहे. गाडे लावणाऱ्या अनेकांसाठी रमजान हा वर्षाचा मुख्य हंगाम. महिनाभर रात्रीचा दिवस करून जे मिळते त्यावर पुढचे कित्येक महिने निघतात. ग्राहक मोठे मागतो म्हणून तो मोठे करतो. लहान केले तर बाजूच्या गाड्यावर गर्दी जाते. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण त्याच्याकडे खिमा पाव किंवा बिर्याणीची 'हाफ' प्लेट असते, मग मालपुआची का नसावी? मागणारा हवा. चार जण मिळून गेले आणि एक आख्खा, चार चमचे म्हणाले, तर कुठलाही गाडेवाला नाही म्हणत नाही. ते म्हणायला थोडी लाज वाटते एवढेच. कमी मागणे म्हणजे ऐपत कमी, अशी एक समजूत आहे, आणि ती रमजानमध्ये तरी मोडता यायला हवी.

आणखी एक आक्षेप जास्त बोचरा आहे. वर्षभर वीटभट्टीवर, गॅरेजात, रोलिंग मिलमध्ये राबणाऱ्या पोराला एखाद्या रात्री परातभर मालपुआ खावासा वाटला, तर शिकल्या-सवरल्यांनी त्याला इसराफचे धडे का द्यावेत? खरेच देऊ नयेत. दिवसाला बारा तास लोखंडाच्या धगीजवळ उभे राहून रोजा धरणारा मजूर एका रात्री पोटभर गोड खातो, त्यात इसराफ कसला? तो शेवटचा थेंबही पुसून खातो. टेबलावर उरतात ती ताटे त्याची नसतात.

घनसावंगीच्या पोरांकडे परत यायला हवे. रात्री उशिरा शहर गाठून खाऊन यायचे, पहाटे तीनला घरी, डोळे मिटत असताना गाडी चालवत. ज्यांच्या घरी मुले अशी निघाली की आया जागत बसतात, त्यांना यातले भय सांगायला नको. आणि मग सहरीला कुणी उठवले तरी पोरे उठत नाहीत. इकडे अम्मी किंवा भाभी पहाटे चारच्या आत उठून तवा ठेवते, कालची भाजी गरम करते, दूध-शेवया करते. तिच्या त्या स्वयंपाकाची चित्रफीत कुणी काढत नाही. मोठ्या मालपुआबद्दल रात्री टपरीवर होणाऱ्या वादात ती कधी नसते. तिच्या हातची सहरी मात्र त्या मालपुआमुळे ताटात तशीच राहते.

शेजाऱ्यांचेही पाहा. रमजान आला की बाजारात एखादा ओळखीचा हमखास म्हणतो, "चाचा, तुमची मज्जा आहे बुवा, रात्रभर खाणं!" चाचा हसून म्हणतात, "हौ बाबा, दिवसभराचं कोण विचारतंय?" बोलणे प्रेमाचेच असते. पण त्या शेजाऱ्याने मोबाइलवर जे पाहिले त्यात रोजा कुठेच नव्हता, फक्त कढई होती. मार्चच्या उन्हात मोसंबीच्या बागेला पाणी धरणारा, मालकाने दिलेला चहा नको म्हणणारा रोजेदार त्याला रोज भेटतो. पण त्याची गोष्ट तो कधी पाहत नाही, कारण ती पडद्यावर येत नाही. रमजान म्हणजे खाण्याचा महिना, ही समजूत बाहेरच्यांनी पसरवली म्हणून तक्रार करता येणार नाही. ती पसरवणाऱ्या चित्रफितींत बहुतेक चेहरे आपल्याच पोरांचे आहेत.

आणि खरे तर घनसावंगीत जे आहे ते दाखवण्यासारखे आहे, फक्त ते मोठे दिसत नाही. मगरिबच्या आधी अर्धा तास गल्लीगल्लीतून मुले झाकलेली ताटे घेऊन मशिदीकडे निघतात. वर खानपोश, क्रोशाच्या सुईने विणलेला, कडेला मणी. कुणाच्या ताटात भजी, कुणाच्या चणे, कुणाच्या कापलेले टरबूज, जालन्याच्या मोसंबीच्या फोडी, खजुरांची पुडी. मशिदीत ही सगळी ताटे एकत्र होतात आणि पुन्हा लहान वाटण्या होतात. वाटसरू, ट्रकवाला, परप्रांतीय मजूर, जो कुणी अजानच्या वेळी तिथे असेल त्याच्या पुढ्यात सारखीच वाटी. कुणाची भजी कुणाच्या वाटीत गेली हे कुणालाच कळत नाही. सत्ताविसाव्या रात्री देग चढते ती अशाच वर्गणीतून.

तालुक्यात देग चढली की मंडपवाला लागतो. भट्ट्या, गॅसच्या टाक्या, सतरंज्या, दिव्यांच्या माळा. मांसाहाराच्या देगा वेगळ्या ठेवल्या जातात आणि ते योग्यच आहे. बाकीचा सगळा संसार मात्र एकच असतो. जवळच जांब समर्थ आहे, समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ च्या रामनवमीला त्यांचा जन्म झाला. तिथे उत्सव असतो, आसपासच्या गावांत सप्ताह असतात, काल्याच्या कीर्तनानंतर पंगती बसतात, आणि कढया देगेएवढ्याच असतात. तिथेही पत्रावळीवर आमटी डावानेच पडते. २०२४ मध्ये ईद ११ एप्रिलला झाली आणि रामनवमी १७ ला. २०२५ मध्ये ईद ३१ मार्चला आणि रामनवमी ६ एप्रिलला. दोन्ही वर्षी मध्ये बरोबर सहा दिवस. मंडपवाल्याच्या वहीत हे दोन्ही कार्यक्रम एकाच पानावर येतात. ईदच्या दुसऱ्या दिवशी सतरंज्या झटकून, मोजून, सांडलेल्या रबडीचा एखादा डाग पाण्याने पुसून टेम्पोत चढवल्या जातात आणि टेम्पो पुढच्या गावाच्या रस्त्याला लागतो.